मार्च १९४२ ची इंग्लंडमधली बाई उभी करायची आहे, पेहरावाची सुरुवात कुठून करू?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. मी दोन वर्षं इंग्लंडमधल्या एका गटाबरोबर काम करते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रोजचं जगणं आम्ही लोकांसमोर उभं करतो. रणगाडे-बंदुका नाहीत, घरची आघाडी: स्वयंपाकघर, रेशनच्या रांगा, विणकामाचा कोपरा. आजवर मी सामानाची जबाबदारी सांभाळली. या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्या काळची बाई होऊन लोकांसमोर उभी राहणार आहे. त्यामुळे पेहराव खरा हवा, अगदी मनापासून हवा.

गेल्या महिन्यात ऑनलाइन 'चाळिशीचं दशक' म्हणून विकला जाणारा एक फ्रॉक घेतला. लाल रंग, त्यावर पांढरे ठिपके, खाली भरपूर घेर आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेन. गटातल्या जुन्या बाईंनी तो हातात घेऊन फक्त उलटा केला आणि परत दिला. घेर पन्नाशीच्या दशकातला, चेन त्याहून नंतरची आणि कापड पॉलिएस्टर. पॉलिएस्टरचा शोधच मुळी १९४१ मधला, आणि कपड्यांत ते युद्ध संपल्यावर आलं. एवढं ऐकल्यावर ठरवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. तुमच्यापैकी शिवणाऱ्या, विणणाऱ्या आणि जुनी कापडं जपणाऱ्या सगळ्यांची मदत हवी आहे.

उरेब:
कापडाकडे नंतर येऊ. आधी बाई ठरव. महिना कुठला, वर्ष कुठलं, वय काय, काम काय, घरी कोण कोण? हे ठरल्याशिवाय एक बटणसुद्धा विकत घेऊ नकोस.

सुईदोरा:
उरेबताई, महिना मार्च १९४२. मी स्वतः एक्केचाळीस वर्षांची आहे, तेव्हा तीही तेवढीच. म्हणजे जन्म १९०१ चा. नवरा, दोन मुलं, आणि ती कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करते. कामावरचा एक पेहराव आणि बाहेर जायचा एक, असे दोन हवेत.

जुनीपेटी:
वय सांगितलंस ते फार बरं केलंस. या छंदात सगळ्यात मोठी चूक कापडाची होत नाही, वयाची होते. १९४२ म्हटलं की आपण १९४२ चं फॅशनचं मासिक उघडतो आणि त्यातल्या वीस वर्षांच्या मुलीचे कपडे एक्केचाळीस वर्षांच्या बाईला चढवतो. तुझी बाई १९४२ चे कपडे घालत नव्हती. तिच्या कपाटात १९३६-३७ चा कोट होता, १९३८ चा फ्रॉक होता, लग्नानंतर आईकडून आलेलं काहीबाही होतं. १९४२ मध्ये घेतलेली वस्तू एखादीच, कदाचित मोज्यांची जोडी.

आणि कारण उघड आहे. १ जून १९४१ ला ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आलं. इतकं अचानक की कूपनांची वेगळी पुस्तकं वाटायलाही वेळ मिळाला नाही. अन्नाच्या रेशनपुस्तकातली मार्गारीनची (लोण्याऐवजी वापरायच्या पदार्थाची) न वापरलेली कूपनंच आधी कपड्यांना चालवली. वर्षाला माणशी ६६ कूपनं. लोकरी फ्रॉकला ११, सुती किंवा रेयॉनच्या (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम धाग्याच्या) फ्रॉकला ७, अस्तराच्या कोटाला १४, बायकांच्या बुटांना ५, मोज्यांच्या जोडीला २. पैसे वेगळे मोजायचेच, कूपनं त्यावर. आता तुझ्या बाईची दोन मुलं वाढत्या वयाची आहेत. स्वतःची कूपनं ती कोणासाठी फाडेल?

म्हणून माझं म्हणणं असं, की तुझा पेहराव युद्धाआधीचा आहे असं धरून चाल आणि त्यावर युद्ध दाखव. फ्रॉक १९३७-३८ चा. तेव्हाची लांबी गुडघ्याच्या बरीच खाली. १९४२ पर्यंत ती वर गेली होती, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत. मग बाई काय करेल? खालची पट्टी कापेल, कड नव्याने दुमडून तुरपाई करेल आणि कापलेल्या पट्टीतून पट्टा किंवा फाटल्या खिशाला ठिगळ काढेल. कापड पुरेसं असेल तर कापणारही नाही, आत मोठी दुमड ठेवेल. पुढे लागलं तर माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड, असलेली बरी. हे एवढं केलंस तरी लोक तुला थांबवून विचारतील की ही कड अशी का. मग सांगायला तुझ्याकडे अख्खी गोष्ट आहे.

सुईदोरा:
जुनीपेटी, हे वाचून अंगावर काटा आला. मी आजवर उलटा विचार करत होते. कपडे नवेकोरे दिसायला हवेत म्हणून धडपड चालली होती.

झगमग:
थोडं वेगळं मत मांडते. माझाही असाच गट आहे, वेगळ्या काळाचा. बघायला येणाऱ्या माणसाला दुरून कळायला हवं की हा चाळिशीचा काळ आहे. लाल ओठ, कपाळावर उंच गुंडाळलेले केस, मोज्यांवरची मागची शिवण यावरून ते ओळखतात. मळकट कोट आणि सपाट केस घेऊन उभी राहिलीस तर लोक पुढे निघून जातील. थोडी शोभा दाखवायला काय हरकत आहे?

कृष्णधवल:
झगमग, ओळख पटायला हवी हे मान्य. पण आपल्या डोक्यात जी ओळख आहे ती आली कुठून तेही बघायला हवं. आपण पाहिलेले बहुतेक फोटो तीन प्रकारचे असतात: फॅशनचे, सिनेमाचे आणि माहिती मंत्रालयाने लोकांचं धैर्य टिकवायला काढवून घेतलेले. तिसऱ्या प्रकारात बाई यंत्रावर काम करताना हसते आणि केस नीट असतात, कारण फोटोग्राफर येणार हे तिला ठाऊक असतं. इम्पीरियल वॉर म्युझियमचा फोटोसंग्रह ऑनलाइन आहे. तिथे बघताना मधल्या माणसाकडे बघू नका, मागे उभ्या असलेल्यांकडे बघा. रांगेतली चौथी बाई, बसस्टॉपवरची म्हातारी, फोटोच्या कडेला अर्धी कापली गेलेली. तिचा कोट कुठे ओढला गेलाय, बटणं सगळी सारखी आहेत का, मोजे घोट्याशी गोळा झालेत का. मी अशाच कडेच्या बायकांच्या नोंदी करतो. टोपी जवळपास प्रत्येकीच्या डोक्यावर दिसते, निदान रुमाल तरी. तीच दुरून ओळख पटवेल.

झगमग:
हे पटलं. टोप्यांना कूपनं लागत नव्हती ना?

जुनीपेटी:
बरोबर, टोपीवर रेशन नव्हतं. म्हणून ज्या बाईला काहीतरी नवं हवंसं वाटे तिला टोपीचा आधार होता, किंवा जुन्याच टोपीची फीत बदलायची. झगमग, तुझी शोभा इथे दाखवता येईल. ओठ रंगवायलाही माझी हरकत नाही, फक्त रंग थोडा आणि जपून लावलेला. सौंदर्यप्रसाधनांचा तुटवडा होता, बाई कांडी तळापर्यंत खरवडून वापरायची.

उरेब:
आता आतून बाहेर येऊ. पहिलं शिवण अंतर्वस्त्रांचं. मापंसुद्धा ती घालूनच घ्यायची, आधी नाही. त्या काळच्या ब्रेसियरमध्ये तार नव्हती आणि आकारही आजचा नव्हता. खाली पोट-कंबर धरणारा गर्डल किंवा कॉर्सेट, त्याला मोजे धरायचे चार पट्टे, वर स्लिप. हे सगळं अंगावर असलं की फ्रॉकच्या छातीचे टक्स आपोआप वेगळ्या जागी येतात आणि कंबर एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरने सरकते. आजच्या अंतर्वस्त्रांवर मापं घेऊन शिवलेला फ्रॉक कितीही खरा असला तरी अंगावर खोटा दिसतो. उभं राहायची, बसायची पद्धतही बदलते. गर्डल घालून पाय पसरून बसताच येत नाही, करून बघ.

मार्च १९४२ घेतलास म्हणून आणखी एक. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, मलायाचं रबर जपानच्या हातात गेलं. इलॅस्टिकची तंगी वाढत जाणार. तुझ्या बाईचा गर्डल जुना आहे आणि तो ती जिवापाड जपते. आतल्या चड्डीला कमरेशी इलॅस्टिक न घालता बटणपट्टी आणि काज कर. कोणाला दिसणार नाही, पण तुला दिवसभर ठाऊक असेल.

फ्रॉक डाव्या कुशीला उघडतो, पाठीवर नाही. चेन लावायची तर धातूची, नाहीतर टिचबटणं आणि वर एक हूक. मी टिचबटणंच सांगेन. आतली शिवण ओव्हरलॉकची नको. तेव्हा घरी ओव्हरलॉक नव्हतं. कडा हाताने वेढून घे, किंवा पातळ कापड असेल तर कडा आत दडवणारी फ्रेंच शिलाई घाल. कात्री नागमोडी असेल तर नुसत्या कापलेल्या कडाही चालतील.

सुईदोरा:
लिहून घेतलं. एक वाईट बातमीही सांगते. एका जुन्या मालाच्या बाजारात खरा त्या काळचा फ्रॉक मिळाला, गडद निळा, बारीक पांढरी फुलं, क्रेप. मोह आवरला नाही, घालून पाहिला. हात वर केला आणि काखेत शिवणीशेजारचं कापड बोटभर उसवलं. दोरा तुटला नाही, कापडच विरलं. ऐंशी वर्षं कोणीतरी जपलेला कपडा माझ्या अंगावर फाटला. रात्रभर झोप आली नाही.

तपकिरी_लोकर:
वाईट वाटून घेऊ नकोस, पण तो आता अंगावर घालू नकोस. क्रेप म्हणजे बहुधा रेयॉन. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, आणि काखेत ऐंशी वर्षांच्या घामाचा परिणाम असतो. धुऊसुद्धा नकोस, क्रेप पाण्यात आटतो. तो फ्रॉक आता तुझा गुरू. सपाट टेबलावर पसर, उलटा कर आणि प्रत्येक शिवण मोज. माया किती ठेवली, टक्स कुठे संपतात, बाहीच्या वरच्या चुण्या किती, खांद्याच्या गादीचा आकार काय. पातळ कागद वर ठेवून आकार उतरव, टाचणी कापडात खुपसू नकोस. त्यावरून तुझा नवा फ्रॉक शिव. मूळ फ्रॉक आम्लमुक्त कागदात गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या जागी.

नवं कापड घेताना कोपऱ्यातला एक धागा चिमट्यात धरून जाळून बघ, खाली बशी ठेवून. सुती आणि रेयॉन कागदासारखं जळतं, राख मऊ. लोकर जळक्या केसांसारखा वास देते आणि ज्योत काढली की विझते. पॉलिएस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक मणी होतो. मणी दिसला की तो गठ्ठा परत फळीवर.

कृष्णधवल:
त्या फ्रॉकच्या आत मानेपाशी किंवा कुशीत लेबल आहे का? 'सीसी४१' अशी खूण?

सुईदोरा:
आहे! दोन गोल, प्रत्येकाचा एक तुकडा काढल्यासारखा, आणि पुढे ४१.

कृष्णधवल:
ती सरकारच्या युटिलिटी योजनेची, म्हणजे युद्धकाळात सरकारने ठरवून दिलेल्या नियमांनी बनवलेल्या कपड्यांची खूण, रेजिनाल्ड शिप यांनी काढलेली. लोक तिला 'चीज' म्हणत, तुकडा कापलेल्या चीजसारखी दिसते म्हणून. पण घाई करू नकोस. ४१ हा आकडा बघून फ्रॉक १९४१ चा असं म्हणता येत नाही. योजना १९५२ पर्यंत चालली आणि तोवर हीच खूण लागत राहिली. बाह्या, खांदे आणि लांबी बघून ठरवायला हवं.

सुईदोरा:
खांदे रुंद आणि चौकोनी आहेत, आत जाड गादी. घेर अगदी बेताचा, समोर एकच प्लीट. बटणं फक्त तीन.

उरेब:
मग बहुतेक १९४२ ते ४६ मधला. १९४२ मध्ये बटणं, खिसे, प्लीट, सजावट यांवर सरकारने मर्यादा घातल्या, पण तुझ्या मार्चपर्यंत त्या दुकानातल्या मालात दिसू लागल्या असतील असं धरू नकोस. हार्टनेल, हार्डी अॅमीज अशा नामवंत शिंप्यांनी युटिलिटीसाठी केलेले नमुनेही तुझ्या मार्चनंतरचेच. तू याची शिलाई शिक, पण आकार युद्धाआधीच्या नमुन्यावरून घे: खांदे जरा मऊ, बाहीला वर थोड्या चुण्या, घेर थोडा जास्त. आणि लांबी कमी केलेली, जुनीपेटीने सांगितली तशी.

धावदोरा:
मोज्यांचं कोणी बोललं नाही. मी वाचलंय की अमेरिकन सैनिक नायलॉनचे मोजे वाटायचे. मागे शिवण असलेले नायलॉनचे मोजे आजही मिळतात, ते घेऊ द्या तिला.

जुनीपेटी:
मार्च १९४२ ला नको. नायलॉनचे मोजे अमेरिकेत १९४० च्या मे मध्ये सगळीकडे विकायला आले खरे, पण अमेरिकन सैनिकांची पहिली तुकडी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला उतरली २६ जानेवारी १९४२ ला. दोन महिन्यांत ते मोजे इंग्लंडमधल्या कँटीनच्या बाईपर्यंत पोचत नाहीत. तिचे मोजे रेयॉनचे किंवा जाड सुती, लाइलचे. मागे शिवण असू दे. टाचेला रफू कर, आणि रफूचा दोरा मुद्दाम एक छटा वेगळा घे. पायाला रंग लावून पेन्सिलीने रेघ ओढायची युक्ती तरुण मुलींची, आणि उन्हाळ्यातली. मार्चच्या थंडीत एक्केचाळीस वर्षांची बाई उघड्या पायांनी कामावर जाणार नाही.

धावदोरा:
आणि सरकारचं ते दुरुस्ती शिकवणारं प्रसिद्ध पुस्तक, 'मेक डू अँड मेंड'? तिच्या पिशवीत ठेवता येईल.

कृष्णधवल:
तेही १९४३ चं. पिशवीत ठेवायचं तर विणकामाचा युद्धाआधीचा नमुना ठेव, कडा दुमडलेला.

तपकिरी_लोकर:
विणकामाचा विषय निघालाच आहे तर. कोटाखाली जम्पर, म्हणजे विणलेला लोकरी स्वेटर, हवाच. नवी लोकर घेतली तर दोन औंसाला एक कूपन. म्हणून तुझी बाई जुना स्वेटर उसवेल. तूही उसव. एखादा जुना शुद्ध लोकरीचा स्वेटर घे आणि बाह्यांपासून सुरुवात कर. निघालेला धागा कुरळा असतो, तसाच विणलास तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात बुडव आणि खाली हलकं वजन लावून वाळव. सरळ होतो. माझ्या अनुभवात दर स्वेटरमागे थोडा धागा वाया जातो, कोपराजवळ विरलेला असतो. म्हणून मधे दोन पट्ट्या दुसऱ्या रंगाच्या घाल. त्या काळी हे इतकं सर्रास होतं की पट्ट्यांचे जम्पर बघून मला आजही आधी हिशेब दिसतो आणि मग रंग. लांबी कमरेपर्यंतच ठेव, आजच्यासारखी कुल्ल्यांवर नको. रिब घट्ट, सुई एक नंबर बारीक.

झगमग:
कामावरचा पेहराव कसा करणार?

उरेब:
सोपं आहे. जुना सुती फ्रॉक, त्यावर पुढून-मागून गुंडाळायचा एप्रन, डोक्याला रुमाल पगडीसारखा बांधलेला, गाठ कपाळावर. त्या एप्रनमुळे फ्रॉक कमी धुवावा लागतो. आणि तुझ्या तारखेला ते फार महत्त्वाचं, कारण साबणावर ९ फेब्रुवारी १९४२ ला रेशन आलं. एप्रन स्वच्छ ठेव, पण डाग पूर्ण गेलेले नकोत.

धावदोरा:
गॅस मास्कची पेटी खांद्याला?

कृष्णधवल:
पुठ्ठ्याची पेटी, दोरी लावून, हरकत नाही. पण १९४२ पर्यंत बहुतेकांनी ती नेणं सोडलं होतं, तेव्हा नसली तरी चालेल. आणि सुईदोरा, हे नीट वाच: जुना खरा मास्क कधीही तोंडाला लावू नकोस, मुलांच्या हातातही देऊ नकोस. त्या काळच्या गाळण्यांमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. पेटीत कागदाचा बोळा भर.

मनमोकळी:
एक मनातलं विचारू? सुईदोरा, तू भारतीय दिसणारी बाई. तिथल्या लोकांना प्रश्न पडत नाही का? साडी नेसून काही दाखवता येणार नाही का?

सुईदोरा:
मनमोकळी, विचारलंस ते चांगलं केलंस. प्रश्न पडतात आणि मी उत्तर देते. तेव्हाही इंग्लंडमध्ये भारतीय माणसं होती.

कृष्णधवल:
साडीचा एक फारच सुंदर पुरावा आहे. विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस या भारतीय नौदलाच्या महिला शाखेच्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये अभ्यासदौऱ्यावर ब्रिटनला आल्या होत्या. ३ जूनला स्कॉटलंडमधल्या रोसाइथला काढलेला त्यांचा फोटो इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. शेजारी चीफ ऑफिसर मार्गारेट कूपर ब्रिटिश पद्धतीच्या गणवेशात, आणि कल्याणी सेन साडीच्या गणवेशात. पण तारीख १९४५ ची. तुझ्या मार्च १९४२ मध्ये तो मिसळू नकोस. पुढल्या वर्षी वेगळं पात्र म्हणून कर, त्याला स्वतंत्र अभ्यास लागेल.

सुईदोरा:
पुढल्या वर्षी नक्की करणार. हा फोटो मी पहिल्यांदाच पाहिला आणि बराच वेळ बघत बसले.

आता आजपर्यंतचं. निळा फ्रॉक कागदात गुंडाळून ठेवला. त्याचे आकार उतरवून, खांदे मऊ करून, तपकिरी रेयॉनचा फ्रॉक शिवून झाला, अंगावर घालून काढलेला फोटो जोडलाय. आधी १९३७ च्या लांबीचा शिवला, तसाच कडेची घडी इस्त्रीने पक्की करून पंधरा दिवस उन्हात टांगला, आणि मग कड वर घेतली. कड उलटली की जुन्या घडीची फिकट रेघ आतल्या दुमडीत स्पष्ट दिसते. कुशीला सहा टिचबटणं. उसवलेल्या लोकरीचं जम्पर छातीपर्यंत आलंय, दोन पट्ट्या विटकरी रंगाच्या. कोट मिळाला, युद्धाआधीचा, पण धडधाकट. त्याची कॉलर झिजलेली होती म्हणून उसवून, उलटी करून परत लावली. एक बटण नव्हतं. सहाच्या सहा नवी लावायची की एकच?

आणि माझ्या बाईच्या पहिल्या वर्षाच्या ६६ कूपनांचा हिशेब: बूट ५, मोज्यांच्या तीन जोड्या ६, जम्परच्या पट्ट्यांसाठी दोन औंस लोकर १. उरलेली ५४ मुलांची.

उरेब:
एकच. जवळपास त्याच आकाराचं, रंगाने वेगळं, आणि ते सगळ्यात खाली लाव, जिथे कमी दिसतं. तिथलं चांगलं बटण काढून वरच्या रिकाम्या जागी लाव. तिनेही तसंच केलं असतं.

फोटोत डावी बाही उजवीपेक्षा किंचित लांब वाटते आहे. मनगटाशी परत एकदा मोजून बघ.